सूचक शेवाळ

मंदाक्का बनकर दिवसातून वीस वेळा कोथिंबिरीवर पाणी शिंपडत असे आणि स्वतः एक घोटही पीत नसे. पहाटे पाचला घरातून निघताना अर्धा कप चहा, की दुपारी दोनला मंडई उठेपर्यंत घसा कोरडा. झाकणाला दाभणाने भोकं पाडलेली प्लास्टिकची बाटली कायम तिच्या उजव्या हाताला असे. तिच्यातून मेथीवर, शेपूवर, राजगिऱ्यावर बारीक धार पडे आणि भाजी दुपारपर्यंत टवटवीत राही. विकणारी बाई सुकली तर गिऱ्हाइकाचं काही बिघडत नव्हतं.

कारण साधं होतं. चिंचवेस मंडईत पुरुषांची एक मुतारी होती, बायकांची नव्हती. पुरुष त्या एका मुतारीतही क्वचित जात, कारण त्यांना अख्खी चिंचवेस मोकळी होती. मंडईतल्या अकरा भाजीवाल्या बायकांना मात्र घर गाठेपर्यंत कळ काढावी लागे, आणि कळ काढायची नसेल तर पाणी न पिणं हा एकच उपाय होता.

त्यांनी सात वर्षांत नऊ अर्ज केले होते. पूर्वी अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहत. आता ते पडून राहत नव्हते, एवढी प्रगती झाली होती. शहराने ‘मागणी-परीक्षक’ नावाची संगणकप्रणाली बसवली होती. दिवा हवा, नळ हवा, बाक हवा, तर अर्जासोबत मोजमाप जोडायचं. आकडे पटले की मंजुरी, नाही पटले की नामंजुरी. नवव्या अर्जाला प्रणालीने चार सेकंदांत उत्तर दिलं होतं : ‘मागणीचा मोजता येण्याजोगा पुरावा जोडावा.’

“पुरावा म्हंजे काय जोडू?” मंदाक्काने लेकीला विचारलं होतं. “बाटलीत भरून देऊ?”

समृद्धी हसली नव्हती. ती चोवीस वर्षांची होती, वनस्पतींच्या जनुकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि एका संशोधन संस्थेत शेवाळांवर काम करत होती. शास्त्र शिकलेल्या माणसांत एक भोळेपणा उरतो. कुणी पुरावा मागितला की त्यांना वाटतं, समोरच्याला तो खरोखर हवा आहे.

*

तिने निवडलेलं शेवाळ दिसायला अगदी सामान्य होतं. पावसाळ्यात जुन्या कंपाउंडवर उगवतं तसंच. पण शेवाळाचं पान एकाच पेशीइतकं जाड असतं. त्याला खरी मुळं नसतात. जे अंगावर पडेल ते पान थेट शोषून घेतं. म्हणून अंगावर काय पडलं ते त्याला ताबडतोब कळतं. शिवाय त्याच्या जनुकांत नेमक्या जागी बदल करणं इतर वनस्पतींपेक्षा सोपं जातं.

माणसाच्या लघवीत साधारण दोन टक्के युरिया असतो. समृद्धीने शेवाळात एक जनुकीय खटका बसवला. युरिया पेशीत शिरला की खटका दाबला जाई आणि तीन जनुकं कामाला लागत. ही तिघं मिळून बीटात आणि राजगिऱ्याच्या देठात असतो तो लाल रंग तयार करत. लघवी पडल्यापासून छत्तीस तासांत डाग उठे, अकरा दिवसांनी नव्या हिरव्या वाढीखाली बुजून जाई. युरिया जितका दाट तितका रंग गडद. तिने एक ते दहा छटांचं कार्ड छापून घेतलं होतं. ते भिंतीशी धरून आकडा लिहायचा, की झालं मोजमाप. शेवाळाला बीजाणू येणार नाहीत याचीही तजवीज केली होती. जिथे लावू तिथेच राहील, भलतीकडे पसरणार नाही.

प्रकल्पाच्या कागदांवर त्याचं नाव होतं ‘सूचक शेवाळ – ७’.

ते सार्वजनिक भिंतींवर लावायला चिंचवेस सौंदर्य समितीची संमती लागणार होती. समितीत नऊ पुरुष होते आणि एक महिला प्रतिनिधी. ही प्रतिनिधी म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी वसुधाकाकू. त्यांना बैठकीला कुणी बोलावत नसे. अध्यक्ष विलासराव कोठावळे निवृत्त मुख्याध्यापक होते. समृद्धी त्यांच्याच शाळेत शिकली होती आणि आठवीतल्या विज्ञान प्रदर्शनाचं तिचं पहिलं प्रशस्तिपत्र त्यांच्या सहीचं होतं. त्यांच्यासमोर ती अजूनही हात मागे बांधून उभी राही.

“सर, हे सूचक शेवाळ आहे,” ती म्हणाली. “लघवी पडेल तिथे लाल होतं. दोन महिने नोंदी घेतल्या की कुठे किती गरज आहे ते कळेल.”

“थांब.” सर इतिवृत्त स्वतः लिहीत, शाईच्या पेनने, सुवाच्य अक्षरात. “सूचक... म्हणजे सूचक तू.”

“नाही सर, सूचक म्हणजे ते शेवाळ दाखवून देतं की...”

“बाळ, सूचकाशिवाय ठराव होत नाही. शेवाळाला ठराव मांडता येतो का? सूचक, कुमारी समृद्धी बनकर. अनुमोदक?”

गज्जूशेठने हात वर केला. गज्जूशेठचा फ्लेक्स छापायचा धंदा होता आणि ठराव कुठलाही असो, अनुमोदनाचा हात त्याचाच असे. हात वर करून झाल्यावर त्याने विचारलं, “लाल म्हणजे कसलं लाल?”

“बीटासारखं.”

“मग झकास. मागं हिरवं, वर लाल. फ्लेक्सपेक्षा भारी.”

दुसऱ्या दिवशी समृद्धीने इतिवृत्त वाचलं. ‘ठराव क्र. ४ : चिंचवेसेतील भिंतींचे नैसर्गिक शेवाळाद्वारे सुशोभन.’ तिला ते खटकलं, पण काम झालं म्हणजे मथळा काही का असेना, असं म्हणून तिने सही केली.

*

पहिल्या रविवारी श्रमदान झालं. समितीने पांढऱ्या टोप्या घालून शेवाळाचा लगदा भिंतींवर थापला, म्हणजे फोटोपुरता थापला. उरलेल्या अडीचशे मीटर भिंतीवर तो समृद्धीने आणि संस्थेच्या दोन माळ्यांनी थापला. तुषारांची नळी जोडली. तीन आठवड्यांत भिंती हिरव्या झाल्या, आणि मग लाल होऊ लागल्या.

समृद्धी रोज सकाळी फूटपट्टी आणि छटांचं कार्ड घेऊन हिंडे. डागाच्या उंचीवरून बरंच कळायचं. फुटाच्या आतला डाग कुत्र्याचा, दोन फुटांवरचा पुरुषाचा. बायकांसाठी मंडईमागची आडोशाची भिंत तिने वेगळी धरली होती. चिंचवेसेतली सगळ्यात लाल जागा निघाली सार्वजनिक वाचनालयामागची, ‘येथे लघवी करू नये’ या पाटीच्या बरोबर खाली. सुशिक्षित वर्ग पेपर वाचून तिथे जात असे. रंगाची खोली बहुतेक ठिकाणी चार ते पाच.

हा लाल रंग कशाने येतो हे चिंचवेसेत सगळ्यांना माहीत होतं. समृद्धीने प्रत्येक चौकात माहितीचा कागद लावला होता आणि लोकांनी तो वाचलाही होता. त्यांनी एवढंच केलं, की ते बोलायचं सोडून दिलं. शेवाळाचं नाव ‘लाली’ पडलं. लग्न ठरलेली जोडपी वाचनालयामागे उभी राहून फोटो काढू लागली. नवरीचा शालू भिंतीला टेकू नये म्हणून मामी मागून धरून उभी राही. म्हणजे मामीलाही माहीत होतं.

मग ‘सुंदर वस्ती’ स्पर्धेचं पत्रक आलं. जिवंत भिंतीला रंगवलेल्या भिंतीपेक्षा दुप्पट गुण होते. रंगाची समृद्धी कॅमेरा मोजणार होता.

समितीने त्या भिंतींकडे नव्या नजरेने पाहिलं आणि तिला पहिला दोष दिसला तो देवांचा. लोकांनी थुंकू नये, आडोशाला उभं राहू नये म्हणून पूर्वी समितीनेच भिंतींवर देवांच्या टाइल्स बसवल्या होत्या. सगळ्या धर्मांचे देव होते, संत होते, आणि एक गरुड होता, ज्याचा धर्म कुणाला सांगता येत नव्हता. या टाइल्सच्या खाली दोन-दोन फूट शेवाळ हिरवंच राहिलं होतं.

‘ठराव क्र. ११ : दैवतांचे योग्य स्थळी सन्मानपूर्वक स्थलांतर.’ टाइल्स उचकटून, पेंढ्यात बांधून, हलगीच्या तालावर टेंपोतून समाजमंदिराच्या अडगळीच्या खोलीत नेल्या. पंधरा दिवसांत मोकळ्या भिंती लाल झाल्या.

‘ठराव क्र. १२ : मंडईतील मुतारी नूतनीकरणासाठी बंद.’ नूतनीकरण म्हणजे एक कुलूप. दोन्ही ठरावांना अनुमोदन गज्जूशेठचं.

समृद्धीने हे सगळं पाहिलं आणि आकडे लिहिले. तिला वाटत होतं, जितकी घाण जास्त तितका पुरावा भक्कम. दोन महिने पूर्ण होताच तिने दहावा अर्ज केला. सोबत नकाशे, तक्ते आणि छटांच्या सगळ्या नोंदी.

या खेपेलाही चारच सेकंद लागले. ‘पुरुष : १,३१२ नोंदी. पुरुषांसाठी सुविधा उपलब्ध आहे. महिला : ० नोंदी. मंडईमागील भिंतीवर वापराची कोणतीही खूण नाही. सबब महिलांकडून मागणी नसल्याचे सिद्ध होते. प्रकरण बंद.’

तिने तो शून्य आपल्या तक्त्याशी ताडून पाहिला. चूक प्रणालीची नव्हती, तिची होती. तिचं शेवाळ जो गेला त्याला मोजत होतं. जिने धरून ठेवलं तिची भिंतीवर खूणच पडणार नव्हती. सात वर्षं बायकांच्या बाजूने पुरावा नव्हता. आता त्यांच्याविरुद्धचा पुरावा तिने स्वतः तयार करून, छापून, सही करून दिला होता.

*

“मंदाक्का, तुझ्या पोरीनं सरकारला लिहून दिलंय म्हणं,” शेजारच्या गाळ्यावरची शमीमभाभी म्हणाली. ती मिरच्या, आलं, लिंबं विकायची. “आपल्याला लागतच नाही. देवाघरच्या बायका हायती आपण.”

“तिनं मोजलं,” मंदाक्का म्हणाली.

“मोजलं की. शून्य. माझ्या पोटात दुखतंय तेबी शून्यच असंल मग.”

मंदाक्काने लेकीला एका शब्दाने टोचलं नाही. ते समृद्धीला जास्त लागलं. आठव्या दिवशी मंदाक्का गाळ्यावरच थंडीने कापू लागली. शमीमभाभीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. पाच दिवस सलाइन लागलं.

“दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं,” डॉक्टर म्हणाले. “पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडाला कायमची इजा होईल.”

“डॉक्टर, तीन लिटर आत घालायचं सोपं हाय,” मंदाक्का म्हणाली. “बाहेर कुठं काढायचं तेवढं चिठ्ठीवर लिहा.”

डॉक्टर हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले. समृद्धी तिथून उठली ती थेट समाजमंदिरात गेली.

सर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. समाजमंदिराची दर्शनी भिंत लांब, सपाट आणि पूर्ण हिरवी होती. समितीच तिथे दिवसभर बसत असल्यामुळे तिथे उभं राहायची कुणाची छाती होत नव्हती.

“सर, आई दवाखान्यात आहे. मुतारीचं कुलूप काढा, आणि बायकांच्या स्वच्छतागृहासाठी समितीने पत्र द्या. समितीचं पत्र असलं तर बंद प्रकरण पुन्हा उघडतं.”

“आईची काळजी घे,” सर म्हणाले. त्यांचा आवाज मऊच असायचा. “प्रश्न गंभीर आहे. स्पर्धा झाली की उपसमिती नेमू.”

“सर, ज्या भिंतीला तुम्ही सुशोभन म्हणता ती लोकांची लघवी आहे.”

“भाषा,” सर म्हणाले. त्यांनी वही उघडून तिच्यापुढे धरली. “वाच. सूचक कोण आहे? आपल्याच ठरावाला आपणच विरोध? आठवीत तू जास्त सुसंगत बोलायचीस.”

तिने वहीतलं आपलं नाव वाचलं. सरांनी ते मान्यता म्हणून धरलं.

“बरं झालं आलीस. ही आमची भिंत बघ. व्यासपीठ इथेच आहे, परीक्षक इथेच उतरणार, आणि ही एकच भिंत कोरी. मी गोमूत्र मागवलंय. त्यातही तुझा तो युरिया असतोच ना?”

“असतो.”

“शिवाय पवित्र. शुक्रवारी दुपारी शिंपडून घेऊ. लोकसहभागात महिलांचे वेगळे पंधरा गुण आहेत. तुझ्या आईच्या त्या मंडईतल्या बायका आहेत ना, त्यांना सांग. शिंपडायची सवय असते त्यांना.”

*

गुरुवारी मंदाक्का घरी आली. भिंतीला पाठ टेकून बसली आणि लेकीने सांगितलेलं सगळं तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे तुझं शेवाळ, जी जात न्हाई तिला मोजत न्हाई.”

“हो.”

“मग मोजू दे की.”

समृद्धीने वर पाहिलं.

“किती तासांनी उगवतं म्हनालीस?”

“छत्तीस. पण आई, हे पुरावा बनवणं झालं. शास्त्रात असं...”

“बनवायचं काय त्यात? आमचंच हाय.” मंदाक्काने कोपऱ्यातल्या शिंपडायच्या बाटलीकडे बोट केलं. “हिची धार बारीक पडती. रेघ उठंल का?”

 समृद्धीच्या डोक्यात हिशेब आपोआप चालू झाला होता. “बोटभर पसरेल. मोठं अक्षर असलं तर टिकेल.”

“मला कोथिंबीर लिहिता येती तेवढंच. शमीमला सांगू. सगळ्या मंडईच्या भावाच्या पाट्या तीच लिहिती.”

शुक्रवारी दुपारी तीनला, चिंचवेस जेवून आडवी झालेली असताना, अकरा बायका समाजमंदिरासमोर जमल्या. प्रत्येकीच्या हातात भोकं पाडलेली बाटली होती. गज्जूशेठने गोमूत्राचा कॅन आणून ठेवला, टोप्या वाटल्या आणि पंधरा गुणांसाठी फोटो काढले. बायकांनी कॅन ताडपत्रीखाली सरकवला. तो उघडायचीही गरज नव्हती. बाटल्या घरूनच भरून आणल्या होत्या.

शमीमभाभी स्टुलावर चढली. पाटीवर लिहिते तसं, जीभ किंचित बाहेर काढून, तिने ओढायला सुरुवात केली. बाकीच्या तिला बाटल्या देत होत्या. ओल्या हिरव्यावर ओलं काहीच दिसत नव्हतं.

“जरा वास येतोय,” गज्जूशेठ नाक आक्रसून म्हणाला.

“गाय म्हातारी असंल,” शमीमभाभी म्हणाली.

“चालू द्या, चालू द्या,” म्हणत गज्जूशेठ सावलीत जाऊन झोपला.

समृद्धी फक्त उभी होती. हे तिच्या नोंदवहीत कुठल्या रकान्यात बसेल याचा ती विचार करत होती, आणि कुठल्याच बसत नाही हे कळल्यावर तिने शमीमभाभीचं स्टूल धरलं.

*

रविवारी सकाळी सातला सरांनी तिला फोन केला. ती पोचली तेव्हा नऊच्या नऊ सभासद झब्बे घालून भिंतीसमोर उभे होते.

“हे काय आहे?” सरांनी विचारलं.

“सुशोभन, सर.”

“पुसता येईल?”

“रंग पेशींच्या आत आहे. घासलं तर शेवाळ निघेल आणि खालचं सिमेंट दिसेल. जिवंत भिंतीचे गुण जातील.”

गज्जूशेठने थोडा विचार केला. “सर, आपण नऊ जण आहोत. सगळ्यांनी मिळून मोकळी जागाबी लाल करून टाकली तर? अक्षरं दिसायची न्हाईत.”

ही सूचना हास्यास्पद आहे असं कुणालाच वाटलं नाही. दोघांनी तर भिंतीची लांबी नजरेने मापली. सरांनी समृद्धीकडे पाहिलं. शहरात आपण कोण आहोत हे ज्यांनी आयुष्यभर कुणाला विसरू दिलं नाही, ते मुख्याध्यापक कोठावळे तिच्याकडे परवानगी मागत असल्यासारखे पाहत होते.

“छत्तीस तास लागतात, सर,” ती म्हणाली. “परीक्षक नऊला येणार.”

मग जे नेहमी होतं तेच झालं. गज्जूशेठने वीस फुटी फ्लेक्स आणला. ‘हार्दिक स्वागत’ आणि खाली नऊ जणांचे फोटो, सगळ्यांचे हात जोडलेले. भिंत झाकली गेली.

प्रमुख परीक्षक आचरेकर मॅडम चार तासांच्या प्रवासानंतर उतरल्या. हार झाला, शाल झाली, नारळ झाला. सरांनी प्रास्ताविक सुरू केलं. मॅडमनी ते दोन मिनिटं ऐकलं, आजूबाजूला पाहिलं आणि पुरुषांच्या त्या घोळक्यात एकच बाई दिसली तिच्याकडे सरकून हळू आवाजात विचारलं, “अहो, इथे लेडीज टॉयलेट कुठे आहे?”

“त्या फ्लेक्समागे लिहिलंय, मॅडम,” समृद्धी म्हणाली.

तेवढ्यात कॅमेरावाल्याने ओरडून सांगितलं की भिंतीवर फ्लेक्स दिसला तर नियमाप्रमाणे प्रवेशिका बाद होते. समितीत एक छोटी कुजबुज झाली. प्रवेशिका की अब्रू, असा तो प्रश्न होता, आणि समितीने प्रवेशिका निवडली. गज्जूशेठने स्वतःच्या हाताने दोऱ्या सोडल्या.

दोन-दोन फूट उंचीची अक्षरं, शमीमभाभीच्या पाटीवरच्या वळणाची :

बायकांची मुतारी कुठाय?

मॅडमनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण दोन मिनिटांपूर्वी त्यांनी हेच विचारलं होतं, थोड्या सभ्य शब्दांत.

“मी आजवर पाहिलेल्यांत हा सगळ्यात गडद लाल आहे,” त्या म्हणाल्या. “हा इतका गडद कसा?”

समृद्धीने छटांचं कार्ड भिंतीशी धरलं. दहावी छटा संपली तरी अक्षर तिच्याहून काळपट होतं. एक गोष्ट तिला भिंतीवर लिहून झाल्यावर सुचली होती, आणि आधी सुचलं नाही याची तिला लाज वाटत होती. तिचं शेवाळ त्या बायकांना मोजू शकत होतं. फक्त किती जणी गेल्या ते नव्हे, तर किती तहानलेल्या होत्या ते.

“पाणी कमी प्यायलं की लघवीत युरिया दाटतो,” ती म्हणाली, आणि या खेपेला तिने हात मागे बांधले नव्हते. “बाकीच्या भिंतींवर चार-पाच येतात. तिथले लोक पाणी पितात आणि वाटेल तिथे उभे राहतात. हे अकरा बायकांचं आहे. त्या पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत पाणी पीत नाहीत. माझी आई गुरुवारीच दवाखान्यातून आली.”

“मॅडम, माझं घर दोन मिनिटांवर आहे,” सर घाईने म्हणाले. “आपण तिकडे...”

“या रोज तुमच्याकडेच येतात का?”

“त्यांचं काय,” सर म्हणाले, “त्यांना सवय आहे.”

हे वाक्य त्यांनी अगदी मऊ आवाजात, समजावून सांगावं तसं म्हटलं.  पण आचरेकर मॅडमनाही चार तास झाले होते आणि चिंचवेसेत दुसरा इलाज नव्हता. त्या मंडईच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायकांकडे वळल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “सर बोलावतायत.”

मंदाक्काने पदर खोचला. अकरा बायका मॅडमच्या मागे रांगेने सरांच्या घराकडे निघाल्या. दार वसुधाकाकूंनी उघडलं. त्यांनी रांग पाहिली, रांगेच्या शेवटी उभा असलेला नवरा पाहिला, आणि दार पुरतं उघडलं.

“या की,” त्या म्हणाल्या. “चपला बाहेर राहू द्यात, फरशी ओली आहे.”

*

चिंचवेसेला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. गज्जूशेठने त्याचाही फ्लेक्स केला.

सोमवारी सकाळी नऊला मंदाक्का आणि शमीमभाभी सरांच्या घरी गेल्या. साडेनऊला आणखी दोघी. मग बारापर्यंत दोघी-दोघी. वसुधाकाकूंनी पायपुसणं बदललं आणि साबण आणून ठेवला. सर बैठकीच्या खोलीत पेपर वाचत बसत. बायका त्यांना नमस्कार करून आत जात आणि नमस्कार करून बाहेर येत. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. सातव्या दिवशी सरांनी मुतारीचं कुलूप काढलं. पुरुष मुतारीत जाऊ लागले नाहीत आणि बायका सरांच्या घरी यायच्या थांबल्या नाहीत. अकराव्या दिवशी भिंतीवरची अक्षरं फिकट झाली, तेव्हा शमीमभाभी स्टूल आणि बाटली घेऊन ती पुन्हा गिरवून आली. गज्जूशेठ सावलीतून बघत होता. त्याने वासाचं नाव काढलं नाही.

विसाव्या दिवशी समितीची तातडीची बैठक झाली. ‘ठराव क्र. १९ : मंडईत महिला स्वच्छतागृह व्हावे.’ समितीचं पत्र गेलं. मागणी-परीक्षकाने बंद प्रकरण उघडलं आणि चार सेकंदांत मंजुरी दिली.

समृद्धी इतिवृत्त वाचून तणतणत मंडईत आली.

“आई, बघितलंस का काय लिहिलंय? सूचक, श्री. विलासराव कोठावळे. अनुमोदक, गजेंद्र. तुझं नाव नाही, भाभीचं नाही. कुणाचंच नाही.”

सकाळचे साडेआठ वाजले होते. मंदाक्काने कोथिंबिरीवर शिंपडून घेतलं. मग दुसरी बाटली, भोकं नसलेली, नवी, तोंडाला लावली आणि अर्धी एका दमात संपवली.

“लिहू दे,” ती तोंड पुसत म्हणाली. “बांधून होईस्तवर अनुमोदन द्यायला आम्ही रोज दोनदा जातोयच की त्येंच्या घरी. जरा गाळ्याकडं बघ.”

आणि शमीमभाभीला हाक मारून ती निघाली.